सुट्टी की खाडा? बाळ सांभाळणाऱ्या ताईंचा पगार ठरवताना

लातूर असो की परभणी, अर्धवेळ बाळ सांभाळायला ताई ठेवताना बोलणं दोन वाक्यांत उरकतं: "महिन्याला इतके देऊ. अधूनमधून सुट्टी घेतली तरी चालेल." पहिल्या महिनाअखेरीला या 'चालेल'वरूनच वाजतं. घरच्यांनी पैसे कापलेले असतात आणि ताईंना वाटत असतं, विचारून तर राहिले होते.

सुट्टीच्या दिवशी काम नसतं, पण पगार चालू असतो. खाड्याच्या दिवसाचा पगार कापला जातो. विचारलं की नाही, यावर हे ठरत नाही. वर्षाच्या ठरलेल्या सुट्ट्या संपल्यावर आठ दिवस आधी सांगून राहिलेला दिवसही खाडाच. उलट सुट्ट्या शिल्लक असतील तर पहाटे ताप भरला म्हणून सकाळी सातला आलेला फोनही सुट्टीतच धरायचा.

किती सुट्ट्या द्यायच्या याचा कायदेशीर आकडा शोधत बसू नका. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा 2008 चा अधिनियम आहे, पण तो नोंदणी आणि कल्याण योजनांपुरता. माप म्हणून 2017 चा दुकाने व आस्थापना अधिनियम बरा. तो घराला लागू नाही, पण त्यात वर्षाला 8 किरकोळ रजा आणि सणावाराच्या 8 पगारी सुट्ट्या आहेत. आठवड्याला सहा दिवस येणाऱ्या ताईंना 12 स्वतःच्या आणि 8 सणाच्या, अशा 20 सुट्ट्या आमच्या मते रास्त. साप्ताहिक सुट्टी यात धरायची नाही.

आता दिवसाचा दर. समजा रोज 4 तास, सहा दिवस, महिना 5,200 रुपये. सहा दिवसांचे 52 आठवडे म्हणजे 312, भागिले 12, म्हणजे महिन्याला 26 दिवस. दिवस 200 रुपये, तास 50. पुष्कळ घरांत 30 ने भागतात; मग दिवस 173 वर येतो. खाडा कापताना त्यात ताईंचा फायदा, पण जादा रविवारी बोलावलं की तोटा. काही जण तर खाड्याला 26 आणि जादा दिवसाला 30 लावतात. ही सरळ लबाडी आहे. दोन्हीकडं एकच भाजक ठेवा.

सगळ्यात जास्त चूक होते ती 'अर्धवेळ म्हणून सुट्ट्याही अर्ध्या' या हिशेबात. चार तासांच्या दिवसाची सुट्टी चारच तासांची असते, तिची किंमत आधीच कमी झालेली आहे. त्यामुळं रोज कमी तास असतील तर सुट्ट्या कमी होत नाहीत. आठवड्यातले दिवस कमी असतील तरच होतात. तीन दिवस येणाऱ्या ताईंचे महिन्याला 13 दिवस, त्याच दरानं पगार 2,600 आणि वर्षाच्या सुट्ट्या 10. त्यांच्या सणाच्या सुट्ट्या वारावर सोडू नका. सण नेमका त्यांच्या न येण्याच्या दिवशी पडला तर हातात काहीच येत नाही. 8 च्या निम्म्या 4 द्या आणि कधी घ्यायच्या ते त्यांना ठरवू द्या.

सण कोणते, हे ताईंनाच विचारा. महालक्ष्म्यांना घरी राहावंच लागतं. लातूर-धाराशिवकडं वेळा अमावस्येला सगळं गाव शेतात असतं, त्या दिवशी बोलावण्यात अर्थ नाही. कुणाला ईद हवी असते, कुणाला 14 एप्रिल. सोयाबीनच्या काढणीचं मात्र वेगळं. तेव्हा शेतात रोज चांगला मिळतो आणि काही ताई आठ-पंधरा दिवस तिकडं जातात. हे खाडेच, पण जूनमध्येच बोलून ठेवलेले असावेत; म्हणजे तेवढ्यापुरती दुसरी सोय लागते. नळाला पाणी येण्याच्या दिवशी होणारा तासाभराचा उशीर खाड्यात घालू नका. तो तास संध्याकाळी भरून घ्या.

तिसरा प्रकार असतो आणि तो बोलताना हमखास राहून जातो: घर बंद. तुम्ही लग्नाला गेलात, आजी आठवडाभर राहायला आल्या, बाळाला कांजिण्या आल्या म्हणून तुम्हीच 'येऊ नका' म्हणालात. ताई यायला तयार होत्या, म्हणून हा खाडा नाही. दिवस त्यांनी निवडला नाही, म्हणून त्यांच्या 20 मधली सुट्टीही नाही. पगार पूर्ण द्यायचा. शिक्षक आई-बाबांचा मे महिना मोकळा असतो, तिथं अर्धा पगार आधी ठरवता येतो, पण मग त्या महिन्यात ताईंना दुसरं काम धरायची मोकळीक हवी. जूनमध्ये त्या परततीलच असं मग गृहीत धरता येत नाही. बिनपगारी महिनाभर थांबवून ठेवणं तर कुणालाच परवडत नाही.

नोंद दुधाचा हिशेब असतो त्याच भिंतीवरच्या कॅलेंडरवर करा: सुट्टीला 'सु', खाड्याला 'ख', घर बंदला 'घ'. त्याच दिवशी, ताईंच्या समोर. महिनाअखेरीला पानाचा फोटो त्यांच्या व्हॉट्सॲपवर पाठवा. उचल दिली असेल तर ती वेगळ्या पानावर, हप्ता ठरवून. 1,500 ची उचल आणि दोन खाड्यांचे 400 एकदम कापले की हातात 3,300 येतात, आणि दोन दिवसांचे एवढे कसे कापले यावरून भांडण होतं. 500 चा हप्ता असेल तर 4,300 मिळतात. दिवाळीचा बोनस यात कुठंच मिसळायचा नाही. 'सुट्ट्या जास्त झाल्या' म्हणून तो कमी करू नये.

काम मध्येच सुटलं तर स्वतःच्या सुट्ट्या महिन्याला एक या दरानं मोजा. सात महिन्यांत 7 जमा झाल्या आणि 4 घेतल्या असतील, तर उरलेल्या 3 चे 600 रुपये शेवटच्या पगारात घाला. 9 घेतल्या असतील तर 2 खाडे धरून 400 कापता येतात, मात्र हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं असेल तरच.