शेतीचं अनुदान: चार दिवसांसाठी आलं आणि मुक्कामी राहिलं

१९३३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत शेतकऱ्यांनी उभ्या कापसात नांगर घातला. पीक मोडावं म्हणून सरकार एकरी पैसे देत होतं. तेव्हाचा एक किस्सा अजून सांगतात. नांगराला जुंपलेली खेचरं म्हणे जागची हलेनात. दोन ओळींच्या मधून चालायचं, रोपावर पाय पडू द्यायचा नाही, हे त्यांच्या अंगवळणी पाडलेलं; आणि आता मालक रोपांवरूनच हाकत होता. सुमारे १ कोटी एकर कापूस असा मातीत गेला. त्याच वर्षी सरकारने सुमारे ६० लाख डुकरांची पिल्लं विकत घेऊन मारली. शहरांत मात्र बेकारांच्या अन्नछत्रापुढे रांगा लागलेल्या.

'शेतकऱ्याला सरकारने पैसा द्यावा का' हा वाद आज ज्या भाषेत चालतो, ती बरीचशी त्या उन्हाळ्यात घडली. पण वाद त्याहून जुना आहे. आणि माझ्या मते 'द्यावा का' यापेक्षा जास्त छळणारा प्रश्न त्यात पहिल्यापासून आहे: पैसा कशावर द्यायचा? मालावर, जमिनीवर, खतावर, की माणसावर? ज्याच्यावर द्याल, त्याच्या मालकाकडे तो जातो.

इंग्लंडमध्ये १६८९ च्या कायद्याने गव्हाच्या निर्यातीवर बक्षिसी सुरू झाली. भाव क्वार्टरला (धान्याचं तिथलं जुनं माप) ४८ शिलिंग किंवा त्याखाली असेल तर निर्यातदाराला ५ शिलिंग. अॅडम स्मिथने १७७६ साली या बक्षिसीवर सडकून टीका केली: लोकांनी कर भरायचा आणि वर देशात धान्यही महाग खायचं. १८१५ मध्ये नेपोलियनची युद्धं संपली, भाव कोसळू लागले, तेव्हा संसदेने उलटा मार्ग धरला. देशात गहू ८० शिलिंगांवर जाईपर्यंत परदेशी गहू विकायलाच बंदी. संसदेत तेव्हा जमीनदारांचंच राज्य होतं, त्यामुळे आश्चर्य काही नाही. त्याच वर्षी अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोने दाखवून दिलं की धान्य महागलं की खंड वाढतो, आणि फायदा कसणाऱ्याकडे न राहता जमिनीच्या मालकाकडे सरकतो. दोनशे वर्षं झाली, या मुद्द्याला वळसा घालणारी योजना अजून फारशी कुणाला जमलेली नाही. आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडून दुष्काळ आला आणि १८४६ मध्ये पंतप्रधान पीलने स्वतःचा पक्ष फोडून हे कायदे मोडीत काढले.

१८७० नंतर रेल्वे आणि आगबोटींनी अमेरिकेचा स्वस्त गहू युरोपात आणून ओतला. जर्मनीने १८७९ मध्ये जकातीची भिंत उभी केली, फ्रान्सही त्याच वाटेने गेला. डेन्मार्कने मात्र स्वस्त धान्य येऊ दिलं, ते गुरांना घातलं आणि सहकारी दूधसंस्था काढून लोणी विकलं. अनुदानाच्या विरोधात बोलणारे डेन्मार्कचं नाव हमखास घेतात. ते खरंही आहे. फक्त शेजारी इंग्लंडसारखं लोणी विकत घेणारं गिऱ्हाईक होतं, हे सोबत सांगायला हवं.

अमेरिकेत गाडं अडलं पहिल्या महायुद्धानंतर. युद्धात भाव चढले, शेतकऱ्यांनी कर्ज काढून जमिनी आणि ट्रॅक्टर घेतले, आणि १९२० मध्ये भाव गडगडले. इथे शेतीचा एक पेच आहे, जो कारखान्याला नसतो. मोटारींचा भाव पडला तर कारखानदार मोटारी कमी काढतो. गव्हाचा भाव पडला तर कर्जाचा हप्ता भागवायला शेतकरी आणखी गहू पेरतो. हजारो जण एकटेएकटे हेच शहाणपण करतात आणि मिळून भाव आणखी पाडतात. शिवाय धान्य स्वस्त झालं म्हणून माणूस दुप्पट जेवत नाही. १९२९ मध्ये राष्ट्राध्यक्ष हूव्हरच्या सरकारने ५० कोटी डॉलर देऊन शेती मंडळ नेमलं, त्याने गहू-कापूस विकत घेऊन कोठारं भरली. पैसा संपला, साठा उरला, भाव आणखी घसरला. कापूस पौंडाला ६ सेंटांच्या आसपास आला. आयोवात शेतकरी मका चुलीत घालत होते, कारण कोळशापेक्षा तो स्वस्त पडायचा.

मग रूझवेल्टचा मे १९३३ चा कायदा आला. १९०९ ते १९१४ या चांगल्या वर्षांत शेतमाल विकून शेतकरी जेवढा बाजार घरी आणू शके, तेवढीच क्रयशक्ती त्याला परत मिळवून द्यायची, असं त्याचं सूत्र. त्यासाठी कमी पिकवा आणि त्याचे पैसे घ्या. कृषिमंत्री हेन्री वॉलेसने हा संकटकाळापुरता तात्पुरता उपाय असल्याचं सांगितलं होतं.

पैसे कुणाला मिळाले, हे इथे थांबून पाहण्यासारखं आहे. करार जमीनमालकाशी होता. दक्षिणेत कापूस पिकवायचे वाटेकरी, त्यांत बरेच कृष्णवर्णीय. नियमाप्रमाणे मालकाने त्यांना हिस्सा द्यायचा होता; अनेकांनी दिला नाही. शिवाय जमीन पडीक ठेवायचेच पैसे मिळत असतील तर वाटेकरी हवेत कशाला? कुटुंबंच्या कुटुंबं झोपड्यांतून बाहेर काढली गेली. जुलै १९३४ मध्ये आर्कान्सामधल्या टायरोन्झा गावी ११ गोरे आणि ७ काळे शेतकरी एकत्र बसले आणि त्यांनी कुळांची संघटना काढली. त्या काळात, त्या मुलखात, एकाच संघटनेत! सरकारी खात्यातले काही वकील कुळांच्या बाजूने नियम लावायला गेले, तर फेब्रुवारी १९३५ मध्ये वॉलेसच्या संमतीने त्यांनाच घरी पाठवलं गेलं. हातात आलेल्या चेकने पुढे मालकांनी ट्रॅक्टर घेतले.

दुसरं टोक ओहायोच्या रॉस्को फिलबर्नचं. १९४१ च्या पिकासाठी त्याला ११.१ एकर गव्हाची परवानगी होती, त्याने २३ एकर पेरला. जादाच्या २३९ बुशेलांवर (बुशेल हे धान्याचं अमेरिकी माप) बुशेलमागे ४९ सेंट दंड बसला. हा जादा गहू माझ्या घरचा नि माझ्या कोंबड्यांचा, त्याचा बाजाराशी काय संबंध, असं त्याचं म्हणणं. १९४२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सरकारची बाजू उचलून धरली: घरचा गहू खाल्ला म्हणजे बाजारातून घेतला नाही, आणि सगळ्यांनी तसंच केलं तर भाव पडेलच. हमी घेतली की हिशेबही द्यावा लागतो, तो असा कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत.

युरोपची गोष्ट भुकेतून सुरू होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमारीने हजारो माणसं मेली. लगेच नंतर तिथे अन्न आणि शेतीखात्याचा मंत्री झालेला सिक्को मान्सहोल्ट पुढे १९६२ च्या सामायिक कृषिधोरणाचा शिल्पकार ठरला. ठरलेल्या भावाखाली बाजार गेला की सरकार खरेदी करणार, कितीही असो. तो 'कितीही' महागात पडला. शेतकऱ्यांनी भरभरून पिकवलं, आणि वर्तमानपत्रांत लोण्याचे डोंगर आणि वाईनची तळी हे शब्द आले. उरलेला माल वर पैसे देऊन परदेशात ढकलला जाई आणि गरीब देशांतल्या शेतकऱ्याचा भाव पाडी. १९८० च्या दशकात युरोपीय समुदायाच्या अंदाजपत्रकातला निम्म्याहून खूप जास्त पैसा शेतीवर जात होता. १९८४ मध्ये दुधाला कोटा लागला, १९९२ मध्ये धान्याचे आधारभाव उतरवून एकरी मदत आली, २००३ मध्ये मदत पिकापासून सोडवली. डोंगर वितळले. पण मदत हेक्टरवर, म्हणजे ज्याची हेक्टरं जास्त त्याचा चेक मोठा. थेट मदतीचा सुमारे ८० टक्के वाटा २० टक्के लाभार्थ्यांकडे जातो, ही तक्रार ब्रुसेल्समध्ये वर्षानुवर्षं चालू आहे. रिकार्डोला याचं नवल वाटलं नसतं.

अनुदान एका झटक्यात बंद केलं तर? याचं उत्तर द्यायला सगळे न्यूझीलंडकडे बोट दाखवतात. १९८२ मध्ये तिथे ७ कोटी मेंढ्या होत्या, कारण हमीभाव मेंढीला होता. १९८४ मध्ये तिजोरी रिकामी झाली आणि लँग यांच्या नव्या मजूर सरकारने अनुदानं काढून टाकली. दर दहा शेतकऱ्यांतला एक उठेल असं भाकीत होतं. प्रत्यक्षात साधारण एक टक्क्यावरच जमीन सोडायची वेळ आली. जमिनीचे भाव मात्र आपटले. अनुदान इतकी वर्षं जमिनीच्या किमतीत मुरलेलं होतं, त्याचाच हा पुरावा. आज मेंढ्या ३ कोटींच्याही खाली आहेत. यशाची ही गोष्ट सांगताना दोन गोष्टी गाळल्या जातात. सरकारने त्याच सुमारास चलनाचा दर मोकळा सोडला आणि इतर उद्योगांचं संरक्षणही काढायला घेतलं, म्हणजे शेतकऱ्याला एकट्याला उघड्यावर टाकलं नाही. आणि मेंढ्यांच्या जागी वाढलेल्या दुभत्या गाईंनी नद्यांचं जे केलं, ते बिल अजून भरणं चालू आहे.

१९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेच्या शेती कराराने अनुदानांना रंगांच्या पेट्यांत घातलं. पिवळी पेटी भाव आणि उत्पादन बिघडवणारी, हिरवी पेटी निरुपद्रवी. श्रीमंत देशांनी आपली बरीच मदत हिरव्या पेटीत हलवली. भारतासारख्या देशांचं गाऱ्हाणं वेगळं: हमीभावातली मदत मोजताना आजही तुलना १९८६-८८ च्या गोठवलेल्या किमतींशी होते. १९८८ चा रुपया आणि आजचा रुपया एकाच तागडीत. २०१३ मध्ये बालीला यावर तात्पुरता तह झाला. पक्का तोडगा अजून बाकी आहे.

सगळ्यात मासलेवाईक प्रकरण पुन्हा कापसाचंच. अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध ब्राझीलने दावा जिंकला. अमेरिकेने तोडगा काढला तो असा की २०१० पासून वर्षाला १४.७३ कोटी डॉलर ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी द्यायचे, म्हणजे आपल्या शेतकऱ्यांना देणं चालू ठेवता येईल! माली, चाड, बेनिन आणि बुर्किना फासो या चार देशांनी २००३ मध्ये हीच तक्रार मांडली होती. त्यांच्या हाती असा चेक पडला नाही.

भारतात वाट निराळी. इथे पैसा मुख्यतः निविष्ठांवर गेला: १९७७ पासून खतांच्या कारखान्यांना भरपाई, पुढे अनेक राज्यांत फुकट किंवा नाममात्र दरात वीज. युरिया स्वस्त म्हणून तोच जास्त पडतो, वीज फुकट म्हणून पंप बंद होत नाही आणि पाणी खाली जातं. पण याच शेतकऱ्याचा माल महाग होऊ लागला की निर्यातबंदी येते. दोन्ही मिळून हिशेब केला तर कित्येक वर्षं बेरीज वजा निघते, हे ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या आकडेवारीतही दिसतं. शरद जोशींनी याला 'उणे सबसिडी' म्हटलं. शेतकरी संघटनेची घोषणाच होती, 'भीक नको, हवे घामाचे दाम'. अनुदानाच्या जागतिक वादात शेतकऱ्याच्याच बाजूने केलेला हा वेगळा युक्तिवाद आहे, आणि मला तो अजून पुरेसा ऐकला गेलेला वाटत नाही.

वॉलेसच्या तात्पुरत्या उपायाचं काय झालं? १९९६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने अनुदानं सात वर्षांत आटोपायची ठरवली. दोनच वर्षांत भाव पडले आणि तातडीची मदत सुरू झाली. १९३८ आणि १९४९ चे जुने कायदे तर रद्द झालेलेच नाहीत, दर नव्या कायद्याने ते फक्त काही वर्षं झोपवून ठेवले जातात. २०१२ च्या अखेरीस नवा कायदा वेळेत झाला नाही, तेव्हा १ जानेवारीपासून दुधाला १९१०-१४ च्या सूत्राने भाव द्यावा लागणार होता आणि दूध जवळपास दुप्पट महागणार होतं. खासदारांनी वर्ष पालटता पालटता मुदतवाढ देऊन तो कायदा पुन्हा झोपवला.