साल्व्हादोर : प्रेक्षणीय स्थळे व पर्यटन

साल्व्हादोर ही ब्राझीलमधील बाईया राज्याची राजधानी व जुने बंदर. पोर्तुगीज गव्हर्नर तोमे दे सोझा याने १५४९ मध्ये ते वसवले आणि १७६३ पर्यंत वसाहतीचा कारभार इथूनच चाले. साखर, तंबाखू आणि आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली माणसे यांच्या व्यापारावर शहराची श्रीमंती उभी राहिली. इथल्या चर्चमधले सोने पाहताना हे विसरून चालत नाही.

शहर दोन पातळ्यांवर वसले आहे. कड्यावर वरचे शहर, तर उपसागराला लागून खालचे शहर. दोन्हींना जोडणारी लासेर्दा लिफ्ट १८७३ मध्ये सुरू झाली. सुमारे ७२ मीटर उंचीची ही लिफ्ट पर्यटकांइतकेच नोकरदारही वापरतात. खाली उतरताच समोर मोदेलो बाजार लागतो. लेस, लाकडी कोरीवकाम, बेरिंबाऊ ही वाद्ये असा माल. घासाघीस करावीच लागते. तळघरात गुलाम कोंडत असत, असे वाटाडे रंगवून सांगतात. पण बाजाराची ही इमारत मुळात जकातघराची, १८६१ ची आणि गुलामांच्या आयातीवर बंदी आली १८५० मध्ये, तेव्हा ती कथा बेतानेच घ्यावी.

वरच्या शहरातील पेलोरिन्यो हा रंगीत घरांचा, उंचसखल दगडी गल्ल्यांचा भाग १९८५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. गुलामांना बांधून फटके मारण्याचा खांब याच भागात होता. साओ फ्रान्सिस्को चर्चचा अंतर्भाग सोन्याचा वर्ख दिलेल्या कोरीव लाकडाने भरला आहे, तर मठाच्या चौकात निळ्या-पांढऱ्या पोर्तुगीज फरशा आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये छताचा भाग कोसळून एका पर्यटक तरुणीचा मृत्यू झाला आणि चर्च बंद करावे लागले. जाण्यापूर्वी चौकशी करावी. उतारावरचे निळे रोझारियो दोस प्रेतोस चर्च कृष्णवर्णीयांच्या धर्मबंधुमंडळाने बांधले. सोन्याचा झगमगाट तिथे नाही, तरी शहर समजून घ्यायचे तर आधी तेच पाहावे.

खाण्यात आकाराजेला तोड नाही. चवळी भिजवून, सोलून, वाटून कांदा-मिठासह फेसतात आणि लालसर पामतेलात तिचे वडे तळतात. मग वडा मधोमध चिरून त्यात वातापा हे दाटसर मिश्रण, सुकी कोळंबी आणि तिखट भरतात. पांढरे घेरदार झगे नेसून रस्त्याकडेला हे विकणाऱ्या बायकांच्या व्यवसायाला २००५ मध्ये राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला. पामतेलाची सवय नसलेल्याने पहिल्या दिवशी एकावरच थांबावे.

बोनफिम चर्चच्या कठड्याला हजारो रंगीत फिती बांधलेल्या दिसतात. तीन गाठी, तीन इच्छा. मनगटावरची फीत आपणहून तुटेपर्यंत काढायची नाही. जानेवारीत खालच्या शहरातून पांढऱ्या वेशातली मिरवणूक येते आणि बायका सुगंधी पाण्याने पायऱ्या धुतात. कॅथलिक भक्ती आणि आफ्रिकी मुळाचा कांदोंब्ले धर्म यांची सरमिसळ इथे उघड दिसते. २ फेब्रुवारीला रियो व्हर्मेल्यो किनाऱ्यावरून सागरदेवता येमांजाला फुले, अत्तरे वाहतात. कार्निव्हलमध्ये ट्रकवरून वाजणारे ‘त्रियो एलेत्रिको’ हे वाद्यवृंद १९५० मध्ये याच शहरात निघाले. त्या आठवड्यासाठी राहण्याची सोय बरीच आधी करावी लागते.

गोव्याशीही जुना धागा आहे. गोव्याहून लिस्बनला परतणारी जहाजे इथे थांबत आणि बाईयाची तंबाखू गोव्यात जाई. पोर्तुगिजांमुळेच ब्राझीलचा काजू कोकणात आला आणि आपल्याकडचे आंबा-फणस बाईयात रुजले. आज इथल्या बाजारात फणस ‘जाका’ या नावाने विकला जातो.