अंगवळण (डर्ट बाइक चालवण्यातील)

अंगवळण : सरावाने पक्की झालेली आणि मुद्दाम विचार न करता घडणारी हालचाल. इंग्रजीतील ‘मसल मेमरी’ला मराठीत ‘स्नायुस्मृती’ हा प्रतिशब्द वापरला जातो. बोलण्यात मात्र ‘हात बसला’, ‘अंगवळणी पडलं’ असेच म्हणतात. प्रस्तुत नोंद कच्च्या वाटेवरच्या मोटारसायकलपुरती, म्हणजे डर्ट बाइकपुरती आणि मुख्यतः नाशिक परिसराच्या संदर्भात आहे.

संज्ञा : ‘स्नायुस्मृती’ हा शब्द दिशाभूल करणारा आहे. हालचालीची आठवण स्नायूत नव्हे, तर मज्जासंस्थेत, विशेषतः लहान मेंदू आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या चेतापेशींच्या गाठी यांत राहते. याचा सर्वांत बोलका पुरावा हेन्री मोलेसन या अमेरिकन रुग्णाकडून मिळाला. अपस्मारावरील उपचार म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूचा काही भाग काढल्यावर त्याला नवे प्रसंग लक्षात राहीनासे झाले. तरीही ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली, तेव्हा त्याचा हात दिवसागणिक सुधारत गेला. हे काम आपण आधी केले आहे, याची मात्र त्याला दर वेळी काहीच आठवण नसे. सांगता येणारी आठवण आणि करता येणारी आठवण या वेगळ्या आहेत, हे मत त्यानंतर दृढ झाले.

अलीकडे ‘मसल मेमरी’ला दुसराही अर्थ चिकटला आहे. व्यायामाने स्नायुतंतूत वाढलेली केंद्रके व्यायाम थांबल्यावरही टिकतात, असे उंदरांवरील प्रयोगांतून २०१० मध्ये नॉर्वेतील संशोधकांनी मांडले. माणसात हे कितपत घडते, यावर एकमत नाही. शिवाय ती ताकदीची आठवण आहे, कौशल्याची नव्हे. दोन्ही अर्थांची गल्लत टळावी म्हणून येथे ‘अंगवळण’ हा जुना शब्द पसंत केला आहे. वळण शरीराला लागते, एखाद्या स्नायूला नाही, हे त्यात आपोआप येते.

प्रतिक्षेप आणि अंगवळण : चालक या दोहोंना सर्रास ‘रिफ्लेक्स’ म्हणतात. काटेकोर अर्थाने प्रतिक्षेप जन्मजात असतो. गुडघ्यावर हातोडी मारताच पाय उडतो, त्याची सुरुवात सेकंदाच्या काही शतांशांत होते आणि निर्णय मेरुरज्जूतच होतो. डोळ्यांनी पाहून हेतुपुरस्सर हालचाल करायला मात्र साधारण ०.२ सेकंद लागतात. पर्याय वाढले की हा वेळ वाढतो, हे डब्ल्यू. ई. हिक यांनी १९५२ मध्ये दाखवले. ताशी ३६ किमी. वेगाने गाडी सेकंदाला १० मी. जाते. म्हणजे समोरचा धोंडा दिसून बोट हलेपर्यंत २ मी. वाट मागे पडलेली असते.

या दोन टोकांमध्ये एक अधलीमधली प्रतिक्रिया आहे आणि वाद तिच्याविषयी आहे. स्नायू अचानक ताणला गेला, की आधी प्रतिक्षेपाचे आकुंचन होते आणि ताणापासून साधारण ०.०५ ते ०.१ सेकंदात आकुंचनाची दुसरी लाट येते. पी. एच. हॅमंड यांनी १९५६ च्या सुमारास दाखवले, की ‘प्रतिकार करा’ किंवा ‘सैल सोडा’ असे आधी सांगून ठेवल्यास ही लाट बदलते. काही अभ्यासक तिला प्रतिक्षेपच मानतात, काही पूर्वतयारीने घडवलेली कृती. हँडलला धक्का बसताच कसलेल्या चालकाचे कोपर ज्या तत्परतेने सावरते, त्याचा उलगडा दुसऱ्या मताने अधिक चांगला होतो असे वाटते.

उपजत प्रतिक्रियांशी झगडा : डर्ट बाइक शिकणे म्हणजे मुख्यतः भीतीने होणाऱ्या हालचाली मोडून त्यांच्या जागी दुसऱ्या बसवणे होय. भेदरलेला माणूस मुठी आवळतो, अंग आखडतो, खाली बसतो आणि ज्या दगडाची धास्ती आहे त्याच्याकडेच पाहत राहतो. गाडीही नजरेमागे तिकडेच जाते. यातली सर्वांत घातक साखळी उजव्या मनगटाची. गाडी अनपेक्षित उसळते, चालक मागे फेकला जातो, हात ताठ होतात, मनगट खाली वळते आणि रेस आणखी वाढते. पडू नये म्हणून तो मूठ जितकी घट्ट धरतो, तितकी गाडी पुढे सुटते. उपाय दोन : गुडघ्यांनी टाकी आवळून धरणे, म्हणजे तोल हातांवर येत नाही, आणि डाव्या हाताचे एक बोट सतत क्लचवर ठेवणे, म्हणजे इंजिनची ओढ क्षणात तोडता येते. दोन्ही गोष्टी पाच मिनिटांत समजतात. अंगी लागायला महिने जातात.

उडीत तर उपजत शहाणपण निरुपयोगीच ठरते. गाडी हवेत असताना मागचा ब्रेक दाबला तर चाकाची फिरकी गाडीत उतरून पुढची बाजू खाली जाते. रेस दिली तर ती वर येते. ब्रेक दाबताना क्लचही ओढावा लागतो, नाहीतर इंजिन बंद पडते. जमिनीवरच्या अनुभवातून हे कोणालाच सुचणार नाही.

जुनी वळणे नव्याच्या आड येतात, तो प्रकार शहरात नेहमी दिसतो. बिनगिअरच्या स्कूटरवर डावी दांडी मागच्या ब्रेकची, मोटारसायकलवर क्लचची. स्कूटरवर हात बसलेला मुलगा उतारावर घाबरून डावी दांडी पूर्ण ओढतो. ब्रेक लागत नाही आणि इंजिनचा अडथळाही सुटून गाडी अधिकच वेग घेते. जुन्या बुलेटचे गिअर उजव्या पायाशी व ब्रेक डाव्या पायाशी असे. त्या गाडीवर आयुष्य काढलेल्यांना डर्ट बाइकवर पायांची अदलाबदल करावी लागते. रोजच्या रस्त्यावर ती जमून जाते, आणीबाणीत मात्र पहिले वळणच उसळून येते.

नाशिक परिसर : राष्ट्रीय रॅली स्पर्धांच्या फेऱ्या येथे झाल्या आहेत. सरावाच्या दृष्टीने या जिल्ह्याचे महत्त्व जमिनीच्या विविधतेत आहे. सारा मुलूख बेसाल्ट खडकाचा. तो कुजून झालेला मुरूम सिन्नरकडच्या माळांवर सुटा पडलेला असतो. त्यावर पुढचा ब्रेक जरा जोरात दाबला की चाक निसटते. काळी माती पावसात फुगते आणि बटण टायरच्या (जाड उंचवट्यांच्या टायरच्या) खाचा भरून टाकते. त्र्यंबकेश्वर-इगतपुरीकडे पावसाळाभर निसरडे कातळ आणि चिखल. एकाच पृष्ठभागावर बसलेला हात दुसरीकडे चुकतो. म्हणून येथे सोव्हिएत शरीरशास्त्रज्ञ निकोलाय बर्नश्टाइन यांची ‘पुनरावृत्तीविना पुनरावृत्ती’ ही कल्पना लागू पडते : कुशल कारागिराचा हातोडा दर वेळी निराळ्या वाटेने जातो, घाव मात्र नेमका बसतो. सरावात घोटायचे असते ते साधायचे फळ, ठरावीक हालचाल नव्हे.

मल्लखांबाची परंपरा या संदर्भात आठवते. दुसऱ्या बाजीरावाचे व्यायामशिक्षक बाळंभटदादा देवधर यांना ही विद्या याच जिल्ह्यातील सप्तशृंगी गडावर स्फुरली, अशी आख्यायिका आहे. तिचा ऐतिहासिक आधार क्षीण आहे, पण उडी आधी तुकड्यांत घोटवून मग जोडण्याची तालमीतील पद्धत डर्ट बाइकच्या प्रशिक्षणाशी जवळची आहे.

सराव : वाटेचे एकच वळण सलग पन्नास वेळा घेतल्यास त्या दिवशी प्रगती जास्त दिसते, वळण, चढ आणि ब्रेक आलटून पालटून केल्यास त्या दिवशी कमी दिसते, पण नंतर अधिक टिकते. शे आणि मॉर्गन यांनी १९७९ मध्ये प्रयोगशाळेतील हाताच्या हालचालींवर हे दाखवले. गुंतागुंतीच्या खेळांत परिणाम इतका ठळक आढळत नाही. झोपेने कौशल्य वाढते की केवळ थकवा उतरतो, हेही वादग्रस्त आहे. दीर्घ खंडानंतर तोल सांभाळण्यासारखी अखंड कौशल्ये बहुधा शाबूत राहतात. क्रमाने करायच्या सुट्या कृती लवकर विस्मरतात. म्हणून काही महिन्यांनी गाडीवर बसणारा चालक चालत्या गाडीच्या पायदानांवर उभा सहज राहतो, पण अर्ध्या क्लचची नेमकी जागा त्याला पुन्हा शोधावी लागते.