व्हॉल्व्ह जाम होतो, त्यामागचा इतिहास

कॅज्युअल्टीत धापा टाकत आलेल्या माणसाच्या छातीवर मधोमध उभा जुना व्रण दिसला, की सोबतच्या माणसांना एक प्रश्न विचारावा: "व्हॉल्व्हचा आवाज येतो का अजून?" हृदयाच्या खराब झडपेच्या जागी बसवलेला धातूचा व्हॉल्व्ह शांत खोलीत घड्याळासारखा टिकटिकतो. घरच्यांना त्याची इतकी सवय असते, की आवाज दबला तर तेच आधी सांगतात. अशा वेळी रक्ताच्या गुठळीने व्हॉल्व्हची उघडझाप करणारी चकती अडकल्याची शंका घ्यायची.

हा आवाज १९५२चा. अमेरिकन सर्जन चार्ल्स हफनागेल यांनी प्लॅस्टिकच्या नळीतला चेंडू रुग्णाच्या महाधमनीत बसवला. तो शेजारी बसलेल्यालाही ऐकू जाई. पुढे अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये सर्जन अल्बर्ट स्टार आणि निवृत्त इंजिनिअर लोवेल एडवर्ड्स कामाला लागले. कुत्र्यांमध्ये बसवलेले त्यांचे पाकळ्यांचे व्हॉल्व्ह दोन-तीन दिवसांत गुठळीने बंद पडत. म्हणून ते पिंजऱ्यातल्या चेंडूकडे वळले आणि १९६०मध्ये तो मिट्रल झडपेच्या (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या) जागी माणसात बसला. आजची ही इमर्जन्सी व्हॉल्व्हच्या जन्मापासून त्याच्या पाठीशी लागली आहे, ती अशी.

आपल्याकडे रुग्ण तरुण असतात. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडपा खराब होतात, आणि प्राण्याच्या ऊतींचा व्हॉल्व्ह तरुण शरीरात लवकर झिजतो, म्हणून धातूचा लागतो. परदेशी व्हॉल्व्ह परवडेना, म्हणून तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या गटाने देशी व्हॉल्व्ह घडवला. आधीचे नमुने फसले. डिसेंबर १९९०मध्ये तो पहिल्या रुग्णाला बसला. त्याची चकती प्लॅस्टिकची, तरी लोक म्हणतात धातूचाच.

व्हॉल्व्ह आवाक्यात आला, पण रक्त पातळ करणारी गोळी जन्माची राहिली. दात काढायला बंद केली ती सुरू करायची राहिली, गरोदरपणात बदलली, आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी) महिनोन्‌महिने झालाच नाही: व्हॉल्व्ह अडकल्याच्या बहुतेक हकिगती अशाच.

पूर्वी पुन्हा छाती उघडण्यावाचून इलाज नव्हता. सत्तरच्या दशकापासून गुठळी विरघळवणारी औषधे वापरात आली. हार्ट अटॅकसाठी ठेवलेले स्ट्रेप्टोकायनेज आपल्याकडे यासाठीही कामी आले, कारण ऑपरेशन थिएटर बरेचदा दुसऱ्या शहरात. धोके मोठे: गुठळीचा तुकडा मेंदूत जाणे आणि रक्तस्राव. म्हणून आता कमी डोस कित्येक तास सावकाश देतात, आणि मधूनमधून क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहतात, अडकलेली चकती हलू लागली का.