विहिरीत सोडलेला गप्पी

‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ हे वाक्य आरोग्य केंद्राच्या भिंतीवर वाचत आपण कोकणातली बरीच मंडळी लहानाची मोठी झालो. हे मासे डासांच्या अळ्या खातात, त्यामुळे त्यामागचा हेतू चांगलाच होता. पण हा मासा आपल्याकडचा नाही आणि विहिरीत सोडला म्हणून तो विहिरीतच राहत नाही, याची चर्चा फारशी झाली नाही.

गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला. भारतात तो १९०८ च्या सुमारास आला. पुढे १९२८ मध्ये डासांच्या अळ्या खाण्यासाठीच इटलीहून गंबुशिया हा दुसरा मासा आणला. तो मुळात उत्तर अमेरिकेचा. दोन्ही मासे अंडी न घालता थेट पोहणारी पिल्लं देतात. शिवाय मादी नराचे शुक्राणू कित्येक महिने पोटात साठवू शकते. म्हणजे एकटी गाभण मादी नव्या पाण्यात पोचली, तरी तिथे वस्ती उभी राहू शकते.

गंबुशिया डासांच्या अळ्यांवर थांबत नाही. बेडकांची अंडी खातो, शेपटीवाल्या पिल्लांच्या शेपट्या कुरतडतो, चतुरांच्या कोवळ्या अळ्याही सोडत नाही. चतुराची अळी तर स्वतःच डासांच्या अळ्यांवर जगते. डासांच्या नावाखाली आपण डासांचेच शत्रू संपवत असू, तर हे थांबायला हवं असं मला ठामपणे वाटतं.

आणि डासांच्या अळ्या खाणारे मासे आपल्याकडे काय कमी आहेत? एखाद्या जुन्या चिरेबंदी विहिरीत, नाहीतर संथ व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला जरा वेळ बघत उभे राहा. बोटाएवढा मासा पाण्याच्या वरच्या थराला अगदी लागून, न हलता थांबलेला दिसतो. डोक्यावर चांदीसारखा ठिपका चमकत असतो. तोंड वरच्या बाजूला वळलेलं. डासाची अळी श्वास घ्यायला वर आली की क्षणात गट्टम. याचं शास्त्रीय नाव ॲप्लोकायलस. तो अंडी पाणवनस्पतींना चिकटवतो, त्यामुळे ती परक्या माशांच्या तोंडी आयती सापडतात.

पावसाळ्यात धोका वाढतो. विहिरी काठोकाठ भरतात, पऱ्ह्ये (छोटे ओहोळ) शेतात शिरतात, चढणीचे मासे अंडी घालायला वर येतात आणि सगळं पाणी एक होतं. गप्पी त्याच वाटेने नदीपर्यंत जातो. शेततळ्यात पाळलेली चिलापी (तिलापिया) ही परकी मासळीही तशीच सुटते. ती १९५२ मध्ये भारतात आली आणि खाडीच्या मचूळ पाण्यातही तग धरते.

आंबोलीला हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी असलेल्या देवळाच्या कुंडात २०२० मध्ये माशाची एक नवी जात नोंदवली गेली, शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२१ मध्ये राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. एवढ्याशा पाण्यात कुणी घरच्या काचेच्या टाकीतले नकोसे झालेले मासे श्रद्धेने सोडले, तरी या जातीवर संकट येऊ शकतं.

डेंग्यूचा डास घराभोवतीच्या साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. पिंप, कुंडीखालची ताटली, टायर आठवड्यातून एकदा रिकामे करून घासले, टाकीला घट्ट झाकण लावलं, तर तिथे माशाची गरजच पडत नाही. विहिरीत मासे हवेच असतील, तर जवळच्याच व्हाळातले ते चांदीच्या ठिपक्याचे मासे आणा.