संस्थानी अंमलापासून निवडलेल्या विधिमंडळापर्यंत : बेळगाव सीमाभागाची पार्श्वभूमी

बेळगाव सीमाभागाच्या राजकारणाविषयी लिहिताना बहुतेक जण १ नोव्हेंबर १९५६ या तारखेपासून सुरुवात करतात. त्या दिवशी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर (आजचे कर्नाटक) राज्यात गेले; तो दिवस निर्णायक होता, यात शंका नाही. परंतु त्याआधीची सव्वाशेहून अधिक वर्षे बाजूला ठेवली, तर इथल्या मराठी माणसाला विधानसभेतील आपल्या प्रतिनिधीचे एवढे महत्त्व का वाटते, याचा उलगडा होत नाही. या भागातील काही गावांना मताचा अधिकार संस्थानिकांच्या अंमलातून बाहेर पडल्यानंतरच, म्हणजे फार उशिरा मिळाला, आणि तो हाती येऊन पाच वर्षे होतात न होतात तोच ज्या विधानसभेसाठी मत दिले ती विधानसभाच बदलली.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि त्याच वर्षी जनरल मन्रोच्या फौजेने बेळगावचा किल्ला घेतला. पेशव्यांचा थेट मुलूख कंपनी सरकारकडे गेला. पटवर्धनांसारख्या सरदारांशी मात्र कंपनीने स्वतंत्र करार केले. सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांशी १८१९ मध्ये झालेला करार त्यांपैकीच एक. सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखंडी, रामदुर्ग, मुधोळ ही संस्थाने अशा रीतीने टिकून राहिली आणि त्यांची गावे इंग्रजी मुलखात विखुरलेली राहिली. बेळगाव शहर आणि लष्करी छावणी इंग्रजांची होती, पण शहराला लागून असलेली शहापूरची पेठ सांगलीकरांची आणि तिच्या शेजारचे वडगाव कुरुंदवाडकरांचे होते. रायबागचा प्रदेश कोल्हापूर दरबाराकडे होता. एकाच बाजारात उठबस असलेल्या, एकमेकांशी सोयरीक असलेल्या माणसांचे न्यायालय, सारा आणि पोलीस वेगवेगळ्या धन्यांचे होते. जकात आणि दाव्यांच्या बाबतीत या विभागणीचा त्रास रोजचा होता. तिचा राजकीय परिणाम मात्र पुढे, निवडणुका सुरू झाल्यावर, ठळकपणे दिसू लागला.

इंग्रजी हद्दीत प्रतिनिधित्वाची सुरुवात नगरपालिकेपासून झाली. बेळगावची नगरपालिका १८५१ ची आहे. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर नगरपालिका आणि लोकल बोर्डांत निवडून आलेल्या सभासदांना जागा मिळू लागली. मुंबईचे कायदेमंडळ १८६२ पासून अस्तित्वात होते, परंतु प्रारंभी त्यातील सर्व सभासद सरकारने नेमलेले असत. १९१९ च्या सुधारणा कायद्याने निवडून आलेल्यांचे बहुमत झाले आणि शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य अशी काही खाती मंत्र्यांकडे आली. मत मात्र ठरावीक सारा किंवा कर भरणाऱ्यालाच होते. याच कायद्यानुसार मुंबई इलाख्यात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवल्या गेल्या. ब्राह्मणेतर चळवळीचा जोर असलेल्या दक्षिण महाराष्ट्रात या जागांना केवढे मोल होते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

१९३५ च्या कायद्यानंतर मुंबईची विधानसभा १७५ सभासदांची झाली, मतदारांची संख्या वाढली आणि १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. या मंत्रिमंडळात अर्थखाते अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होते. लठ्ठे पूर्वी कोल्हापूर संस्थानचे दिवाण होते. राजाने नेमलेला दिवाण पुढे मतदारांनी निवडलेल्या सभागृहापुढे अंदाजपत्रक मांडतो, हा बदल या एकाच माणसाच्या कारकिर्दीत घडून आला, आणि म्हणून या भागाच्या इतिहासात त्यांचे नाव माझ्या मते जितके घेतले जाते त्याहून अधिक घेतले गेले पाहिजे.

शहापूर, वडगाव, रायबाग किंवा रामदुर्ग येथील रयतेला मात्र यातले काहीच लागू नव्हते. संस्थानी प्रजा मुंबई विधानसभेची मतदार नव्हती. १९३५ च्या कायद्यात योजलेल्या संघराज्याच्या सभागृहातही संस्थानांचे प्रतिनिधी संस्थानिकच नेमणार होते, आणि ते संघराज्य तर प्रत्यक्षात आलेच नाही. काही दरबारांनी सल्लागार स्वरूपाच्या सभा नेमल्या होत्या. त्यांचे म्हणणे मानावे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार राजाकडेच राहिला. औंध हा मोठा अपवाद. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये महात्मा गांधींच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना लागू करून गावपंचायतींवर आधारलेला कारभार प्रजेच्या हाती दिला. त्याच वर्षी रामदुर्गात नेमके उलटे घडले. प्रजासंघाच्या चळवळीवर दडपशाही झाली, एप्रिलमध्ये संतप्त जमावाने तुरुंग फोडला आणि त्यात पोलीस मारले गेले. दाद मागण्यासाठी सभागृहच नसले म्हणजे असंतोष कोणत्या थराला जातो, हे रामदुर्गने दाखवून दिले. कोल्हापुरातही माधवराव बागल आणि रत्नाप्पा कुंभार यांच्या पुढाकाराने प्रजा परिषदेने जबाबदार राज्यपद्धतीची मागणी लावून धरली होती.

स्वातंत्र्यानंतर दक्षिणेतील आठ संस्थानांचा एक संघ उभारण्याचा प्रयत्न झाला, पण प्रजेचा कौल विलीनीकरणाकडे होता. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात सामील झाली आणि १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूरही आले. रामदुर्ग व रायबाग बेळगाव जिल्ह्यात जोडले गेले, तर शहापूर आणि वडगाव यांना बेळगावपासून वेगळे ठेवणारी हद्द इतिहासजमा झाली.

विलीनीकरणाच्या या काळातच भाषिक प्रांतांचा प्रश्न तापू लागला होता. कर्नाटक एकीकरणाची मागणी जुनी होती. १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्या वेळीही ती मांडली गेली. दुसऱ्या बाजूला मे १९४६ मध्ये बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या मराठी साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. दोन्ही मागण्यांमागे एकच न्याय्य इच्छा होती : ज्या सभागृहात आपले कायदे होतात, तिथला कारभार आपल्याला समजणाऱ्या भाषेत चालावा. वाद होता तो दोन्ही भाषा नांदत असलेल्या गावांचा.

पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ च्या हिवाळ्यात झाली. संपत्तीची अट गेली, आणि स्त्रिया, कूळ, विणकर, शेतमजूर अशा सर्व प्रौढांना मत मिळाले. संस्थानी गावांतील बहुसंख्य लोक प्रांताच्या विधानसभेसाठी आयुष्यात प्रथमच मत देत होते. ३१५ सभासदांच्या त्या मुंबई विधानसभेत बेळगावचे आमदार मराठी, गुजराती आणि कन्नड भाषक सभासदांबरोबर बसले. त्या सभागृहाची मुदत संपण्याआधीच राज्य पुनर्रचना कायदा झाला. चंदगड तालुका मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला आणि उरलेला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. या भागातून मुंबईसाठी निवडून गेलेले आमदार कायद्याने म्हैसूर विधानसभेचे सभासद झाले. मतदारांना त्याबद्दल नव्याने विचारले गेले नाही.

म्हैसूरची परंपराही कमी प्रतीची नव्हती, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. तिथे दिवाण रंगाचार्लू यांच्या काळात, १८८१ मध्येच, प्रतिनिधी सभा सुरू झाली होती आणि १९०७ पासून कायदेमंडळही होते. परंतु बेळगावच्या मराठी भाषकाला ती परंपरा परकी होती आणि सभागृहाची भाषाही. राज्यघटनेच्या २१० व्या कलमानुसार, राज्याची राजभाषा, हिंदी किंवा इंग्रजीत आपले म्हणणे नीट मांडता येत नसेल, तर सभासदाला अध्यक्षांच्या परवानगीने मातृभाषेत बोलता येते. मुंबईच्या सभागृहात मराठी ही मोठ्या गटाची भाषा होती. इथे ती परवानगी मागून बोलायची भाषा झाली. म्हणूनच १९५७ च्या निवडणुकीपासून, हा भाग महाराष्ट्रात यावा यासाठी झगडणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीने विधानसभेच्या जागा लढवण्यावर भर दिला. समितीचे आमदार सीमाप्रश्नावर निषेध नोंदवण्यासाठी जसे निवडले जात, तसेच सातबारा, शाळा आणि सरकारी नोटिसा मराठीत मिळाव्यात, या रोजच्या गरजांसाठीही निवडले जात. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत उचगाव आणि बागेवाडी हे मतदारसंघ नाहीसे झाले. २०१३ मध्ये समितीचे दोन आमदार निवडून आले. २०१८ आणि २०२३ मध्ये एकही आला नाही. ज्या शहरात २०१२ पासून कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनासाठी सुवर्ण विधानसौध उभे आहे, तिथे समितीच्या मतदाराचे म्हणणे आता प्रामुख्याने न्यायालयात आणि मोर्चांतून मांडले जाते.