क्रॉसओव्हर अभ्यासात सॅम्पल साइज काढणं

क्रॉसओव्हर म्हणजे एकाच पेशंटला किंवा जनावराला आधी एक उपचार, मधे काही दिवस मोकळे सोडायचे (वॉशआउट), मग दुसरा उपचार, आणि तुलना त्याचीच त्याच्याशी. निम्म्यांना क ते ख, निम्म्यांना ख ते क असा उलटा क्रम देतात, म्हणजे काळाचा परिणाम दोन्ही उपचारांवर सारखा पडून वजा होतो. अशा अभ्यासाला किती जण लागतील हा हिशोब साध्या दोन गटांच्या ट्रायलपेक्षा वेगळा आहे, आणि आकडा बराच लहान येतो.

औषधांच्या ट्रायलमुळे हे नाव जास्त ऐकू येतं पण दुभत्या जनावरांच्या खाद्यावर ही पद्धत जुनीच आहे, ब्रँट यांचं स्विचबॅकवरचं (उपचार आलटूनपालटून देण्यावरचं) काम १९३८ चं आणि कॉक्रन व सहकाऱ्यांचं गायींच्या आहारावरचं १९४१ चं. म्हणून उदाहरण पण गोठ्यातलंच घेऊ. सांगली जिल्ह्यात पलूस, वाळव्याकडे गळीत हंगामात उसाचं वाढं (शेंड्याकडची हिरवी पानं) भरपूर मिळतं, त्यामुळे संकरित गायींना हंगामभर तेच पडतं, आणि प्रश्न असा की वाढ्याऐवजी मक्याचा मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) दिला तर दिवसाला निदान १ लिटर दूध वाढतं का?

समजा एकाच गायीचं दूध एका कालखंडातून दुसऱ्यात इकडंतिकडं होतं त्याचं एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन, आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) १.२ लिटर आहे, आणि गायी-गायींमधला फरक, म्हणजे कुणी ८ लिटरची तर कुणी १८ ची, त्याचं एसडी ३ लिटर. सूत्र असं:

एकूण गायी = २ × (१.९६ + ०.८४)² × (गायीच्या आतलं एसडी)² ÷ (शोधायचा फरक)²

१.९६ हा ५% चुकीच्या पातळीसाठी (फरक नसताना आहे म्हणायची शक्यता), दोन्ही बाजूंनी, आणि ०.८४ हा ८०% पॉवरसाठी (फरक खरंच असेल तर तो सापडायची शक्यता). कंसाचा वर्ग ७.८४ च्या आसपास, शोधायचा फरक १, म्हणून २ × ७.८४ × १.४४ ÷ १ = २२.६. नॉर्मलऐवजी टी वितरण (लहान सॅम्पलसाठीचं) धरलं तर २५ होतात आणि दोन्ही क्रमांना सारख्या गायी हव्यात म्हणून २६. ९०% पॉवर हवी असेल तर ०.८४ च्या जागी १.२८ घालायचे.

हेच दोन वेगळे गट करून केलं असतं तर? तिथे दोन्ही एसडींचे वर्ग मिळवावे लागतात, ९ अधिक १.४४, आणि गुणक २ चा ४ होतो, म्हणजे एकूण साधारण ३२८ गायी. ३२८ कुठे आणि २६ कुठे! पण हा फायदा आपोआप मिळत नाही, तो एकाच गायीची दोन मापं एकमेकांशी किती जुळतात यावर आहे. ते जुळणं, म्हणजे सहसंबंध, ० असेल तरी निम्म्यात काम होतं (प्रत्येकीची दोन मापं घेतो म्हणून), ०.५ असेल तर चौथ्या हिश्श्यात, आणि वरच्या उदाहरणात ते ०.८६ आहे म्हणून एवढी चंगळ.

म्हणजे सगळा खेळ त्या 'आतल्या' एसडीचा, आणि नेमका तोच आकडा पेपरात सरळ छापलेला नसतो. पीजीच्या थिसिसमध्ये हमखास दिसणारा घोळ हाच. फरकाचं एसडी हे आतल्या एसडीच्या १.४१ पट असतं. सॉफ्टवेअर फरकाचं मागतंय आणि तुम्ही आतलं घातलं तर सॅम्पल निम्मंच निघतं, अभ्यास उपाशी राहतो, आणि उलट एकूण एसडी घातलं तर नको तेवढी जनावरं गोळा करत बसता. जुन्या क्रॉसओव्हर पेपरात फरकाचा ९५% कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक ज्या पट्ट्यात असावा तो) दिलेला असेल तर त्यातून आकडा काढता येतो. समजा २४ गायी, इंटरव्हल ०.२ ते १.६ लिटर. अर्धी रुंदी ०.७, तिला टी च्या २.०७४ नं आणि २/२४ च्या वर्गमुळानं, म्हणजे ०.२८९ नं भागा, १.१७ मिळतं. दोन मिनिटांचं काम आहे, तरी फार कमी लोक करतात.

जाता जाता, माणसाच्या आतलाच फरक मोठा असतो हा मुद्दा पोषणशास्त्रात ज्यांनी लावून धरला ते संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे (जन्म १९११) साताऱ्याकडच्या बुध गावचे. त्यांचं म्हणणं कॅलरीच्या गरजेबद्दल होतं, क्रॉसओव्हरबद्दल नाही, पण एकाच माणसाचा आकडा रोज बदलतो आणि तो बदल हिशोबात धरायला हवा ही गोष्ट तीच.

गायीच्या बाबतीत एक अडचण जास्तीची. दूध व्याल्यानंतर दीड-दोन महिन्यांनी शिगेला जातं आणि मग उतरत जातं. सगळ्यांचं सारखंच उतरलं तर क्रम उलटा दिल्यानं ते वजा होतं, पण एक नुकती व्यालेली आणि एक आटायला आलेली असेल तर प्रत्येकीचा उतार वेगळा, आणि तो वेगळेपणा थेट आतल्या एसडीत शिरतो. म्हणून वेताच्या साधारण एकाच टप्प्यातल्या गायी घ्यायच्या, नाहीतर १.२ चे १.८ होतात आणि २६ गायींच्या जागी ५० च्या वर लागतात.

कॅरीओव्हर, म्हणजे पहिल्या उपचाराचा असर दुसऱ्या कालखंडात रेंगाळणं. औषधासाठी वॉशआउट निदान ५ हाफ-लाइफ (औषध शरीरात निम्मं व्हायला लागणारा वेळ) ठेवतात, तेवढ्यात जवळपास ९७% औषध निघून जातं. खाद्याला हाफ-लाइफ नसते, तिथे नवीन चारा पोटाला सवयीचा व्हायला दोनेक आठवडे द्यायचे आणि त्या दिवसांचं दूध मोजायचंच नाही. आधी कॅरीओव्हरची टेस्ट करू, नसेल तर पुढे जाऊ, ही १९६५ ची ग्रिझल यांची दोन टप्प्यांची पद्धत आता कुणी सुचवत नाही, १९८९ मध्ये फ्रीमन यांनी तिच्यामुळे चुकीचे निष्कर्ष वाढतात हे दाखवलं. शिवाय ती टेस्ट गायी-गायींमधल्या फरकावर चालते, २६ गायींत तिला काहीच दिसत नाही.

जेनेरिक गोळ्यांच्या बायोइक्विव्हॅलन्समध्ये (मूळ गोळीइतकंच औषध रक्तात पोचतं का ते पाहण्यात) प्रश्नच उलटा असतो, फरक नाही हे दाखवायचं. लॉग घेऊन गुणोत्तराचा ९०% इंटरव्हल ८० ते १२५% मध्ये बसवायचा. खरं गुणोत्तर ०.९५ आणि पॉवर ८०% धरली तर आतला सीव्ही (सरासरीच्या टक्क्यात मांडलेलं एसडी) २०% असताना २० माणसं लागतात, ३०% असताना ४०. इथे गुणोत्तर १ धरून आकडा कमी करायचा मोह टाळलेला बरा.

तीन उपचार असतील तर विल्यम्स डिझाइनला (प्रत्येक उपचार बाकी प्रत्येकाच्या मागून सारख्याच वेळा येतो अशी मांडणी) ६ क्रम लागतात, म्हणून संख्या ६ च्या पटीत, चार असतील तर ४ च्या. एकेक उपचार दोनदा देऊन चार कालखंड केले तर जनावरं निम्मी पुरतात, पण तेवढा वेळ गाय दुभती राहायला हवी. आणि जो आजार पूर्ण बरा होऊन जातो त्याला हे डिझाइन लागूच नाही.

शेवटी गळती. एखादी गाय विकली जाते, एखादीला कासदाह होतो, आणि पहिलाच कालखंड झालेला असेल तर तिची तुलनाच होत नाही, सगळी माहिती जवळपास वाया. १५% गळती धरली तर २६ ला ०.८५ नं भागायचं, ३०.६ येतात, म्हणून ३२ घ्यायच्या, प्रत्येक क्रमाला १६.